बुद्धिबळाचं कोणतं सॉफ्टवेअर घेऊ?

मी बुद्धिबळ खेळतो आणि मला कॉम्प्युटरचंही थोडंफार कळतं. हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांच्यापैकी कुणी नवा लॅपटॉप घेतला की आठवड्याभरात फोन येतोच: "यावर सगळ्यात तगडं चेस इंजिन कुठलं टाकू?" उत्तर एका शब्दाचं आहे, स्टॉकफिश. फुकट मिळतं, जगातल्या पहिल्या एक-दोन इंजिनांत त्याची गणना होते, पाच मिनिटांत चालू होतं. महिन्याभराने विचारावं तर कळतं, की तीन संध्याकाळी बसून सोळा डाव हरले आणि नंतर ते उघडलंच नाही. दोष इंजिनाचा नाही. विचारायचं होतं एक आणि विचारलं भलतंच.

ताकद ही या व्यवहारातली सगळ्यात स्वस्त गोष्ट आहे, आणि ती काही काल-परवा स्वस्त झालेली नाही. १९९७ साली आयबीएमच्या डीप ब्लू या कॉम्प्युटरने तेव्हाचा जगज्जेता गॅरी कास्पारोव्ह याला साडेतीन-अडीच असं हरवलं. ते यंत्र सेकंदाला सुमारे २० कोटी पटस्थिती तपासत असे आणि त्यासाठी खास चिप बनवून घेतल्या होत्या. पुढे बारा वर्षांनी, २००९ मध्ये, ब्युनॉस आयर्सच्या एका स्पर्धेत पॉकेट फ्रिट्झ ४ हा प्रोग्राम उतरला. तो चालत होता एचटीसीच्या एका साध्या मोबाइल फोनवर. त्याने १० पैकी साडेनऊ गुण मिळवले. समोर कास्पारोव्ह नव्हता हे खरं, पण खेळ ग्रँडमास्टरच्या वरचा होता. आणि वेग? सेकंदाला २० हजार पटस्थितींपेक्षाही कमी, म्हणजे डीप ब्लूच्या दहा हजाराव्या हिश्श्याहून कमी. फरक विचार करण्याच्या पद्धतीने पाडला, लोखंडाने नाही.

त्यामुळे आज तुमच्याकडे दहा वर्षं जुना लॅपटॉप असला, तरी त्यावर चालणारं कुठलंही नावाजलेलं इंजिन तुम्हाला, मला आणि जगज्जेत्यालाही हरवेल. ३४०० रेटिंगचं इंजिन घ्यावं की ३६०० चं, हा वाद म्हणजे आपल्याला तुडवायला चार टनांचा हत्ती बरा की पाच टनांचा, असा आहे. विचारायला हवं ते हे: मला त्याच्याशी खेळायचंय, माझे डाव तपासायचेत, ओपनिंगची तयारी करायचीय की एखाद्या पटस्थितीचं अंतिम सत्य शोधायचंय? चारही कामांना वेगवेगळं सॉफ्टवेअर लागतं, आणि मशीनच्या गरजाही वेगळ्या असतात.

इंजिन वेगळं, पट वेगळा

आधी एक घोळ निस्तरू. कित्येक वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा एक इंजिन डाउनलोड केलं आणि त्यावर डबल क्लिक केलं. एक काळी खिडकी उघडली, त्यात इंजिनाच्या नावाची एक ओळ आणि खाली लुकलुकणारा कर्सर. पट नाही, सोंगट्या नाहीत, बटणं नाहीत. फाइल बिघडलेली आली असं समजून मी ती उडवली, पुन्हा उतरवली, पुन्हा तेच. मग तिसऱ्यांदा.

फाइल धडधाकट होती. मी गाडीचं नुसतं इंजिन आणून अंगणात ठेवलं होतं आणि स्टिअरिंग शोधत होतो.

बुद्धिबळाच्या सॉफ्टवेअरचे दोन भाग असतात. इंजिन म्हणजे नुसता मेंदू. त्याला पटस्थिती द्यायची, तो खेळी सांगतो. दुसरा भाग म्हणजे पट दाखवणारा, घड्याळ चालवणारा, डाव जतन करणारा प्रोग्राम. त्याला जाणकार 'जीयूआय' म्हणतात, आपण इथे 'पट' म्हणू. या दोघांनी आपसात बोलायची एक ठरलेली भाषा आहे, यूसीआय नावाची. ती २००० साली आली. संभाषण अगदी रुक्ष असतं. पट सांगतो: 'पोझिशन' आणि आतापर्यंतच्या खेळ्या. मग म्हणतो: 'गो'. इंजिन विचार करता करता ओळीमागून ओळ पाठवतं: डेप्थ २२, स्कोअर सीपी ३१, पीव्ही अमुक-तमुक. सीपी म्हणजे प्याद्याचा शंभरावा भाग, पीव्ही म्हणजे दोन्ही बाजूंनी उत्तम खेळल्यास पुढे डाव कसा जाईल ती साखळी. शेवटी एक ओळ येते: 'बेस्टमूव्ह'. पट ती वाचतो आणि घोडा उचलून ठेवतो. मेंदूला पट कधी दिसलेलाच नसतो.

ही भाषा सगळ्यांची एक असल्यामुळे कुठलंही यूसीआय इंजिन कुठल्याही पटाला जोडता येतं. म्हणून 'कोणतं सॉफ्टवेअर घेऊ' हा प्रश्न बऱ्याचदा 'कोणता पट घेऊ' असा असतो, आणि खरी आवडनिवड तिथेच आहे, कारण रोज डोळ्यांसमोर तोच राहणार. विंडोजवर अरेना वर्षानुवर्षं फुकट मिळतोय. दिसायला जुनाट, पण हलका. क्यूट चेस साधासुधा आहे, इंजिनांच्या आपसात झुंजी लावायला उत्तम. हजारो-लाखो डावांचा साठा चाळायचा असेल तर स्किड व्हर्सेस पीसी घ्यावा. त्याचा चेहरामोहरा पाहून पहिल्या दिवशी दडपायला होतं, चौथ्या दिवशी त्याच्यावाचून चालत नाही. एन क्रॉसाँ नव्या वळणाचा आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतो. लुकास चेसबद्दल पुढे बोलतो, त्याचं प्रकरण वेगळं आहे. अँड्रॉइडवर ड्रॉइडफिशमध्ये स्टॉकफिश आतच बसवलेलं असतं. पैसे मोजून मिळणाऱ्यांत फ्रिट्झ आणि चेसबेस ही जुनी नावं. चेसबेस हा मुळात डावांचा साठा आणि त्यावर काम करायची हत्यारं आहे आणि विंडोजवरच चालतो. मॅकवाल्यांनी खरेदीआधीच हे लक्षात घ्यावं.

मेंदू चालतो कसा आणि म्हणून मशीन काय लागतं

इंजिन दोनच कामं करतं: पुढे पाहणं आणि समोर आलेल्या स्थितीला गुण देणं. पुढे पाहताना सगळ्या शक्यता तपासायला गेलं तर विश्वाचं आयुष्य पुरणार नाही, म्हणून छाटणी करतात. समजा, एका खेळीने तुमचं थोडं बरं होतंय हे ठरलं. दुसरी खेळी तपासताना पहिल्याच उत्तरात तुमचा वजीर पडतोय असं दिसलं, तर बाकीची पंचवीस उत्तरं बघायची गरज काय? ती खेळी बाद. ही युक्ती शिस्तीने वापरली की झाडाच्या फांद्याच्या फांद्या न बघता तोडता येतात.

गुण देण्याचं काम पूर्वी माणसांनी लिहिलेल्या नियमांनी व्हायचं: उंटांच्या जोडीला इतके, मोकळ्या पट्टीवरच्या हत्तीला तितके. २०२० मध्ये स्टॉकफिश १२ आलं आणि त्यात एनएनयूई नावाचं छोटं न्यूरल नेटवर्क, म्हणजे उदाहरणांवरून शिकलेली गणिती रचना, बसवलं गेलं. ही कल्पना मुळात शोगीतली, म्हणजे जपानी बुद्धिबळातली. २०१८ मध्ये यू नासू यांनी ती मांडली. तिची गंमत अशी, की एक सोंगटी हलली की पटावरची बाकीची स्थिती तशीच असते, मग सगळं गणित पहिल्यापासून कशाला करायचं? जेवढं बदललं तेवढंच पुन्हा मोजायचं. त्यामुळे हे नेटवर्क साध्या प्रोसेसरवर सुसाट चालतं. ग्राफिक्स कार्ड लागत नाही.

दुसरं घराणं लीला चेस झिरोचं. डीपमाइंड कंपनीच्या अल्फाझिरो या प्रोग्रामने २०१७ च्या डिसेंबरात खळबळ उडवली, तिच्यातून स्फूर्ती घेऊन २०१८ मध्ये हा खुला प्रकल्प सुरू झाला. लीलाचं नेटवर्क खूप मोठं असतं. ती थोड्याच पटस्थिती पाहते, पण प्रत्येकीकडे निरखून पाहते. एवढं जड गणित झटपट करायचं तर चांगलं ग्राफिक्स कार्ड हवं. ते नसेल तर लीला चालते, पण बैलगाडीसारखी. ताकदीत दोघी एकमेकींना भिडणाऱ्या आहेत. इंजिनांच्या प्रतिष्ठेच्या टीसेक स्पर्धेत स्टॉकफिशचा दबदबा असला, तरी लीलाने पंधरावा आणि सतरावा हंगाम जिंकला होता.

तेव्हा मशीनचं गणित एवढंच: गेमिंगचं कार्ड असेल तर लीला जरूर घ्या, तिला पट म्हणून निबलर छान शोभतो. कार्ड नसेल तर स्टॉकफिश घ्या आणि काही हुकलं असं वाटून घेऊ नका.

डाउनलोडच्या पानावर मात्र लोक अडखळतात. स्टॉकफिशच्या पानावर एकाच आवृत्तीचे चार-पाच प्रकार दिसतात: एव्हीएक्स२, बीएमआय२, एसएसई४.१ पॉपकाउंट वगैरे. ही प्रोसेसरला येणाऱ्या खास आज्ञांची नावं आहेत. गेल्या दहा वर्षांतल्या बहुतेक लॅपटॉपना एव्हीएक्स२ चालतं. प्रोसेसरला न येणारा प्रकार उतरवला तर इंजिन उघडल्या उघडल्या बंद पडतं, पट म्हणतो 'इंजिन प्रतिसाद देत नाही', आणि माणूस पटाला शिव्या घालतो. अशा वेळी एक पायरी खालचा प्रकार घ्यायचा. उलट बाजूनेही गंमत आहे. बीएमआय२ हा यादीत वरचा वाटतो, पण एएमडीच्या रायझनच्या सुरुवातीच्या, म्हणजे झेन ३ च्या आधीच्या पिढ्यांत त्यातली एक आज्ञा इतकी हळू चालते, की तिथे एव्हीएक्स२ च बरा.

कुठला प्रकार वेगवान, हे भांडत बसण्यापेक्षा मोजता येतं. त्याच काळ्या खिडकीत 'बेंच' टाइप करून एंटर दाबा. इंजिन ठरावीक पटस्थिती सोडवतं आणि शेवटी सेकंदाला किती स्थिती तपासल्या तो आकडा देतं. साध्या लॅपटॉपच्या एका कोरवर काही लाख ते दहा-बारा लाख असा आकडा येईल. दोन प्रकार उतरवा, दोन्हींवर बेंच चालवा, मोठा आकडा ठेवा, दुसरा उडवा.

पटाच्या सेटिंगमध्ये दोन गोष्टी बघाच. पहिली थ्रेड्स, म्हणजे इंजिन एकाच वेळी किती कोर कामाला लावणार. स्टॉकफिश स्वतःहून एकच थ्रेड वापरतं. म्हणजे आठ कोरचं मशीन घेतलं आणि सेटिंग बदललं नाही, तर सात कोर टेकून बसलेत. कोरच्या संख्येपेक्षा एक कमी ठेवला तर बाकीची कामंही सुरळीत चालतात. दुसरी हॅश, म्हणजे आधी तपासलेल्या स्थिती लक्षात ठेवायची वही. मूळ आकडा १६ एमबी असतो, तो लांब विश्लेषणाला फारच तोकडा. ८ जीबी रॅम असेल तर १ ते २ जीबी पुष्कळ झाले. सगळी रॅम देऊन टाकायचा मोह होतो, पण तसं केलं तर मशीन डिस्कवर लिहा-पुसायला लागतं आणि सगळंच मंदावतं.

आणि उष्णता. पातळ लॅपटॉप आणि फोन पहिली काही मिनिटं जोरात पळतात, मग तापले की स्वतःच वेग कमी करतात. पंखा किंचाळतो ते वेगळंच. घरात कुणी झोपलं असेल तर दोनच थ्रेड लावा. विश्लेषणात जाणवण्याजोगा फरक पडत नाही, हे मी कबूल करतो, जरी मीही वर्षानुवर्षं सगळे थ्रेड लावूनच बसत होतो.

खेळायला जोडीदार हवा असेल तर

इथे सगळी गणितं उलटी होतात.

माझी भाची आठ वर्षांची असताना फोनवरच्या एका ॲपमध्ये सोप्या पातळीवर खेळायची. एकदा डाव मध्येच सोडून आली आणि म्हणाली, "मामा, हा मुद्दाम हरतोय." मी पाहिलं. बारा खेळ्या कॉम्प्युटर निर्दोष खेळला होता आणि तेराव्या खेळीला त्याने वजीर उचलून तिच्या प्याद्याच्या तोंडात ठेवला. कुठलाही नवशिका असा खेळत नाही. नवशिका आधीच विस्कळीत खेळतो, घोड्याच्या दुहेरी हल्ल्यात सापडतो, शह दिसला की देतोच. नेमकी तीच चूक पकडायला शिकणं म्हणजे बुद्धिबळ शिकणं.

इंजिनाला मुद्दाम कच्चं करायची रीत साधारण अशी असते: सगळ्यात चांगली खेळी टाळून पहिल्या काही खेळ्यांतून मधूनमधून दुसरीच निवडायची. स्टॉकफिशमध्ये शून्य ते वीस अशा कौशल्याच्या पायऱ्या आहेत, आणि ईलो रेटिंग ठरवायचीही सोय आहे. पण ती १३२० च्या खाली जात नाही, शिवाय तो आकडा इंजिनांच्या रेटिंगयादीशी जुळवलेला आहे, क्लबातल्या माणसाच्या रेटिंगशी नाही. म्हणून '१४०० वर लावलं तरी हरतोय, माझं रेटिंग तर १५०० आहे' म्हणून खचून जाऊ नका.

यावर सगळ्यात सुंदर तोड म्हणजे माया. २०२० साली संशोधकांनी लीलाच्याच धाटणीचं नेटवर्क घेतलं, पण त्याला जिंकायला शिकवलं नाही. लिचेस या बुद्धिबळ खेळायच्या फुकट वेबसाइटवर माणसांनी खेळलेले लाखो डाव दाखवले आणि 'या जागी या रेटिंगचा माणूस काय खेळेल' एवढंच ओळखायला लावलं. ११०० पासून १९०० पर्यंत शंभर-शंभरच्या अंतराने नऊ माया आहेत. माणूस नेमकी कुठली खेळी खेळेल, हे माया निम्म्याच्या आसपास वेळा बरोबर सांगते. म्हणजेच ती माणसासारखी चुकते: लांबून येणारा उंट तिला दिसत नाही, हल्ला करण्याच्या नादात राजा उघडा टाकते. जिंकल्यावर खरंच जिंकल्यासारखं वाटतं.

आणि मशीन? मायाला पुढे पाहायचंच नसतं. पटावर एक नजर टाकून 'माणूस हे खेळेल' म्हणायचं, बास. त्यामुळे लीलाच्या प्रोग्राममध्ये मायाची फाइल घालून शोध एका स्थितीपुरता मर्यादित केला, की ती कुठल्याही जुन्यापुराण्या डबड्यावर क्षणात खेळते. माझ्या मते सर्वसामान्य खेळाडूच्या सगळ्यात उपयोगाचं इंजिन हेच, आणि त्याला ना कार्ड लागतं ना ताकदीचा प्रोसेसर. बसवायची कटकट नको असेल तर लिचेसवर माया बॉट म्हणून खेळायला मिळते.

आता लुकास चेस. हा पट आहे, शिकवणी आहे आणि इंजिनांची वखारही आहे. त्यात अगदी कच्च्यापासून पक्क्यापर्यंत कितीतरी इंजिनं आयतीच येतात, त्यामुळे एकेकाला हरवत वर चढता येतं. डावपेचांची कोडी, अंत्य डावाचे सराव, पट न बघता खेळायचे व्यायाम, सगळं एका जागी. मेन्यूत हरवायला होतं, पण मुलांसाठी किंवा पुन्हा खेळायला लागलेल्या मोठ्यांसाठी मी पहिलं नाव याचंच घेतो. फुकट आहे. पैसे देऊन मिळणाऱ्यांत कोमोडो ड्रॅगनला वेगवेगळे स्वभाव देता येतात, आक्रमक, बचावात्मक वगैरे. तोही मजेचा आहे, पण मायाची सर त्याला नाही, असं माझं मत.

डाव तपासायचे असतील तर

तिथे स्टॉकफिशच, आणि त्यासाठी काही बसवायचीही गरज नाही. लिचेसच्या विश्लेषणाच्या पानावर जे इंजिन चालतं, ते स्टॉकफिशच असतं आणि ते तुमच्याच ब्राउझरमध्ये, तुमच्याच प्रोसेसरवर चालतं. बऱ्याच जणांना वाटतं की ते दूर कुठेतरी चालतंय, म्हणून पंखा का फिरतोय ते कळत नाही. मशीन फारच जुनं असेल, तर तिथेच पूर्ण डावाचं कॉम्प्युटर विश्लेषण मागवायचं बटण आहे. ते काम तुमच्या मशीनवर होत नाही, स्वयंसेवकांनी दिलेल्या मशीनवर होतं.

अडचण इंजिन मिळण्याची नसते, त्याचे आकडे वाचण्याची असते. अधिक १.०० म्हणजे एक प्यादं जास्त, असं आपण शिकलो. स्टॉकफिशने २०२२ च्या अखेरीस ही फूटपट्टी बदलली. आता अधिक १.०० चा अर्थ असा, की स्टॉकफिश स्वतःशीच खेळलं तर त्या बाजूची जिंकण्याची शक्यता ५० टक्के. स्वतःशी! तुम्ही आणि तुमचा प्रतिस्पर्धी नव्हे. आपल्या पातळीवर अधिक १.०० ची स्थिती पुढच्या दहा मिनिटांत तीनदा पालटू शकते.

एक प्रसंग घ्या. तुमच्याकडे एक हत्ती जास्त आहे, दोघांचे वजीर पटावर आहेत, इंजिन अधिक ७.४ दाखवतंय. तुम्ही वजिरावजिरी केलीत. आकडा ५.१ वर आला आणि प्रोग्रामने तुमच्या खेळीपुढे पिवळं चिन्ह लावलं: 'अचूक नाही'. इंजिनाच्या मते तुम्ही एक अवघड शांत खेळी खेळायला हवी होती, जिच्यामुळे अकरा खेळ्यांत मात झाली असती. पण वजीर गेल्यावर समोरच्याकडे धोका निर्माण करायला काही उरलं नाही, आणि एक हत्ती जास्त असताना तुम्ही झोपेतही जिंकाल. तुमची खेळी बरोबर होती. चिन्ह लावणाऱ्याला भीती नसते, घड्याळाची घाई नसते आणि त्याचा घोडा कधी नजरेआड होत नाही.

म्हणून पट निवडताना मल्टीपीव्ही, म्हणजे एकाच वेळी तीन-चार पर्यायी खेळ्या दाखवायची सोय हाताशी आहे ना ते बघा. पहिली खेळी ०.३५, दुसरी ०.३१, तिसरी ०.२८ असं दिसलं तर तिघी सारख्याच, आवडेल ती खेळा. पहिली ०.३५ आणि दुसरी उणे २.१ असेल, तर त्या जागी एकच वाट होती आणि ती तुम्हाला का दिसली नाही, यावर अर्धा तास घालवायला हरकत नाही. पर्याय वाढवले की इंजिनाची नजर तेवढी आखूड होते, हे ध्यानात असू द्या. तीन पुरेत.

लीलाचा उपयोग इथे दुसऱ्या मतासारखा होतो. विशेषतः ओपनिंगच्या तयारीत, जिथे काहीच ठोस घडलेलं नसतं, तिथे ती आणि स्टॉकफिश वेगळी खेळी सुचवतात तेव्हा ती जागा खोदून पाहण्यासारखी असते. ज्यांना ओपनिंगची वही तयार करायची आहे, त्यांनी मात्र इंजिनापेक्षा डावांच्या साठ्याकडे जास्त लक्ष द्यावं. स्किड किंवा चेसबेस घ्यायचं ते त्यासाठी.

अंत्य डावाची तयार उत्तरं

पटावर थोड्या सोंगट्या उरल्या की विचार करायची गरजच संपते. मातेपासून उलटं मागे येत येत प्रत्येक स्थितीचं उत्तर आधीच काढून ठेवलेलं आहे. याला टेबलबेस म्हणतात. आज सर्रास वापरला जातो तो रोनाल्ड द मान यांचा, २०१३ मध्ये आलेला सिझिजी.

त्याचा फायदा एका स्थितीत दाखवतो. पांढऱ्याचा राजा, पांढऱ्या घरांतून चालणारा उंट आणि एच पट्टीवरचं प्यादं. काळ्याचा एकटा राजा एच८ च्या कोपऱ्यात. नुसतं वजन केलं तर पांढऱ्याकडे चार प्याद्यांएवढं जास्त आहे. पण एच८ हे घर काळं. पांढऱ्याचा उंट जन्मात त्या घरावर हल्ला करू शकत नाही. काळा राजा एच८ आणि जी८ मध्ये येरझाऱ्या घालत राहतो, फार कोंडलं तर स्टेलमेट होतो. डाव बरोबरीत. ज्यांना ही खास गोष्ट शिकवलेली नव्हती, ती जुनी इंजिनं इथे अधिक चार दाखवत खुशाल खेळत बसायची. टेबलबेस जोडला की आकडा सरळ ०.००.

जागेचा हिशेब मात्र पाहा. राजे धरून पाच सोंगट्यांपर्यंतचा संच साधारण १ जीबी. तो घ्याच. सहा सोंगट्यांचा सुमारे १५० जीबी. तो घ्यायचा तर एसएसडीवर ठेवा, फिरत्या डिस्कवर इंजिन त्याची वाट बघत अडकून राहतं. सात सोंगट्यांचा १७-१८ टीबीच्या घरात. तो घरी ठेवायचा हट्ट करू नका. लिचेसवर सात सोंगट्यांपर्यंतची स्थिती मांडली की उत्तर तिथेच फुकट मिळतं.

मग तगडं मशीन खरोखर कुणाला लागतं? पत्रव्यवहारी बुद्धिबळ खेळणाऱ्यांना. तिथली आंतरराष्ट्रीय संघटना आयसीसीएफ इंजिन वापरायला परवानगी देते, एकेका खेळीला दिवसच्या दिवस असतात, आणि वरच्या पातळीवर जवळजवळ सगळे डाव बरोबरीत सुटत असल्याने प्रत्येक जण कुठेतरी एक केसभर फट शोधत असतो. त्यांनी सोळा कोर, भरपूर रॅम, ग्राफिक्स कार्ड आणि सहा सोंगट्यांचा संच, सगळं घ्यावं. समोरासमोरच्या किंवा ऑनलाइन चालू डावात इंजिन उघडणं ही सरळ लबाडी आहे, आणि लिचेसवर ती पत्रव्यवहारी डावातही चालत नाही.

पैसे देऊन इंजिन घ्यावं का? नुसत्या ताकदीसाठी नाही. २०२१ मध्ये स्टॉकफिशच्या मंडळींनी चेसबेस कंपनीवर परवान्याच्या अटी मोडल्याबद्दल खटला भरला होता. तेव्हा ती कंपनी विकत असलेलं फॅट फ्रिट्झ २ हे इंजिन स्टॉकफिशवरच बेतलेलं आहे, हा त्यातला मुद्दा होता. २०२२ च्या नोव्हेंबरात तडजोड झाली. पैसे द्यायचेच तर चांगल्या पटासाठी, डावांच्या साठ्यासाठी, शिकवणीच्या सोयींसाठी द्यावेत.

एक शेवटची तांत्रिक गोष्ट, कारण तिच्यावरूनही फोन येतात. पटाची खिडकी बंद केली तरी कधीकधी इंजिन मागे चालूच राहतं. पट अचानक बंद पडला तर असं होऊ शकतं. लॅपटॉप उगाच गरम लागतोय, बॅटरी झरझर उतरतेय असं वाटलं, तर टास्क मॅनेजर उघडा. यादीत स्टॉकफिशचं नाव सगळ्यात वर, प्रोसेसरचा मोठा वाटा खात बसलेलं दिसेल. परवाच्या अर्धवट डावातली बाविसावी खेळी ते अजून शोधत असतं. तिथून त्याला बंद करा.